दादावादाचा नकार आणि आमचा नकार

दलित कवितेविषयी एक जुना आक्षेप अधूनमधून उकरून काढला जातो. या कवितेतला नकार, तिची शिवराळ भाषा, तिने केलेली मोडतोड ही सारी पश्चिमेकडून आलेली आहे, असा तो आक्षेप. पहिल्या महायुद्धाच्या धक्क्यातून युरोपात दादावाद जन्मला, त्याचे अनुकरण साठच्या दशकात मुंबईच्या अनियतकालिकवाल्यांनी केले आणि त्यांच्या मागोमाग दलित कवी चालू लागले, अशी वंशावळ यासाठी मांडली जाते. टाचणांतून आणि गाइडांतून ती इतकी फिरली आहे की विद्यार्थी ती परीक्षेत निर्धास्तपणे लिहून मोकळा होतो. ती तपासावी असे कुणाला वाटत नाही.

सांगोल्यासारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकवताना ही वंशावळ मला दरवर्षी भेटते. माझ्या वर्गातली बरीच मुले पहाटे पंढरपूर-मिरज रस्त्यावर भरतीसाठी धावून मग तासाला येतात. २०२२ पासून फौजेतली नोकरी चार वर्षांवर आली तरी त्यांचे धावणे काही थांबलेले नाही. त्यांच्यापैकीच एकाने विचारले, "सर, तो वाद युद्धातनं आला म्हणताय. आपलीबी माणसं गेलीच होती की युद्धाला. मग त्यांचा वाद कुठला?" प्रश्न भाबडा वाटेल, पण आमच्या समीक्षेने तो विचारलेला नाही, आणि तो विचारल्याशिवाय वरच्या आक्षेपाला उत्तर देता येत नाही.

प्रथम दादावाद म्हणजे काय ते नीट पाहिले पाहिजे. आपल्याकडे दादा म्हणजे थोरला भाऊ, नाहीतर गल्लीतला गुंड. युरोपातल्या या दादांचा दोहोंशी संबंध नाही. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ लहान मुलाचा लाकडी घोडा. शब्दकोश सहज उघडला आणि तो सापडला, अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, नावाला अर्थ नसावा हाच त्या मंडळींचा हेतू होता.

५ फेब्रुवारी १९१६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या झुरिच शहरात, श्पीगेलगासे नावाच्या एका अरुंद गल्लीत ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्ज या जोडप्याने 'कॅबरे व्होल्तेर' हा अड्डा सुरू केला. स्वित्झर्लंड युद्धात नव्हते. त्यामुळे भोवतालच्या देशांतून सक्तीची भरती चुकवून आलेले, हद्दपार झालेले आणि नुसतेच वैतागलेले लोक तेथे जमले होते. लेनिन त्याच गल्लीत काही घरे सोडून राहत होता. अड्ड्यावर रुमानियाहून आलेले त्रिस्तान झारा आणि मार्सेल यान्को होते, अल्सेसचा हान्स आर्प होता, बर्लिनहून आलेला रिचर्ड ह्यूल्सनबेक होता. खुद्द बाल १९१४ मध्ये उत्साहाने सैन्यात नाव नोंदवायला गेला होता. प्रकृतीच्या कारणावरून त्याला नाकारले गेले, आणि मग बेल्जियममध्ये आघाडी डोळ्यांनी पाहिल्यावर त्याचा उत्साह पार जळून गेला.

रंगमंचावर ते काय करीत? तीन माणसे उभी राहून जर्मन, इंग्रजी आणि फ्रेंच या तीन भाषांत एकाच वेळी कविता म्हणत, म्हणजे ऐकणाऱ्याला एकही धड कळू नये. बाल पुठ्ठ्याच्या नळकांड्यांचा पोशाख घालून आला, त्याला उचलून मंचावर ठेवावे लागले, आणि त्याने ज्यात एकही शब्द नाही अशी नुसत्या नादांची कविता म्हटली. आर्पने कागदाचे तुकडे जसे पडतील तसे चिकटवून चित्रे केली. झाराने पुढे कविता करण्याची कृतीच सांगितली: वर्तमानपत्र घ्या, शब्द कात्रीने कापा, पिशवीत घालून हलवा आणि जे हाती येतील ते ओळीने लिहा.

हे सारे चाळे वाटतात. पण त्यामागे एक तर्क होता. १९१४ च्या ऑक्टोबरात जर्मनीतल्या ९३ नामवंतांनी आपल्या सैन्याच्या समर्थनार्थ एक पत्रक काढले होते. त्यावर माक्स प्लांक होते, क्ष-किरणांचे संशोधक रोंटगेन होते, नोबेलविजेते नाटककार गेरहार्ट हाउप्टमान होते. म्हणजे विज्ञान, काव्य आणि तत्त्वज्ञान ज्यांच्या हाती होते, त्यांनीच तरुणांना खंदकांत ढकलले. कवितेने देशभक्ती शिकवली, चर्चने बंदुकांना आशीर्वाद दिले, वर्तमानपत्रांनी पराभवाला विजय म्हटले. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोम नदीच्या आघाडीवर ब्रिटिश सैन्याचे एकोणीस हजारांवर लोक मेले. ज्या भाषेतून हुकूम निघतात आणि ज्या भाषेतून शोकगीते लिहिली जातात ती एकच भाषा असेल, तर त्या भाषेत कविता लिहावयाचीच कशाला? दादांनी वर्तमानपत्र कापले ते या रागाने.

युद्धाच्या अखेरीस ही चळवळ बर्लिनला गेली आणि तेथे तिला दात आले. माझ्या मते खरा दादावाद झुरिचपेक्षा बर्लिनचाच. गेऑर्ग ग्रोस स्वतः सैन्यात जाऊन आलेला, तेथे मनाने खचून वेड्यांच्या इस्पितळापर्यंत पोहोचलेला. हेल्मुट हेर्त्सफेल्ड याने इंग्रजद्वेषाच्या लाटेचा निषेध म्हणून ऐन युद्धात स्वतःचे नाव इंग्रजी वळणाचे, जॉन हार्टफील्ड, असे करून घेतले. हाना ह्योख या चित्रकर्तीने मासिकांतली छायाचित्रे कापून नवीच चित्रे रचली. सैनिकांच्या स्मृतिचित्रांत छापील धडावर आपापल्या फोटोतले डोके चिकटवलेले तिने पाहिले होते. छपाईच्या धंद्यातली युक्ती उचलून तिने व्यवस्थेवर उलटवली. १९२० च्या उन्हाळ्यात बर्लिनमध्ये 'पहिला आंतरराष्ट्रीय दादा मेळा' भरला. तेथे छताला लष्करी गणवेशातला एक पुतळा टांगला होता, त्याला डुकराचे तोंड. भिंतीवर ओटो डिक्सचे लंगड्या-लुळ्या माजी सैनिकांचे चित्र होते. डिक्स मशीनगनवर बसून आलेला माणूस होता, त्याने ऐकीव काही रंगवले नाही. या मेळ्याबद्दल लष्कराच्या बदनामीचा खटला झाला आणि ग्रोसला दंड भरावा लागला. पुढे नाझी आले तेव्हा हार्टफील्डला देश सोडून प्राग गाठावे लागले, आणि १९३७ मध्ये म्युनिकला 'भ्रष्ट कला' म्हणून जे प्रदर्शन मांडले गेले त्यात या लोकांची चित्रे टवाळीसाठी टांगली गेली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. ज्या फेब्रुवारीत झुरिचला कॅबरे सुरू झाला, त्याच फेब्रुवारीत मेसोपोटेमियात तैग्रिस नदीकाठच्या कुत गावी पूना डिव्हिजन वेढ्यात सापडली होती. त्या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. माणसे घोड्यांचे मांस खाऊन दिवस काढीत होती, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी त्यांना शरण जावे लागले. झुरिचमधल्या माणसांनी युद्धाकडे पाठ फिरवली होती. कुतमधल्या माणसांना तशी सोय नव्हती. या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी पाठवली गेली आणि सत्तर हजारांवर परत आली नाहीत. सातारा जिल्ह्यातले अपशिंगे हे गाव या युद्धापासून 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखले जाते. महाराष्ट्राच्या कित्येक खेड्यांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या अजून दिसतात. या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच त्यावर कोरलेले. आकडे आहेत, नावे नाहीत.

या आकड्यांच्या आतही वरचे आणि खालचे आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई पहिल्यापासून होते. फौजेत पगार होता, पेन्शन होते, हुद्दा होता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांसाठी शाळा होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवीत होते ही गोष्ट आपण चरित्राचा तपशील म्हणून वाचतो. वास्तविक तो एका समाजाच्या अक्षरओळखीचा इतिहास आहे. मग १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त आला आणि महारांची भरती बंद झाली. स्वतः फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबुवा वलंगकर यांनी त्या दशकात सरकारकडे विनंतीअर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्याकडे अर्ज पाठवला आणि सैन्य व पोलीस यांत प्रवेश मागितला. सरकारला ते ऐकू आले नाही. ऐकू आले ते युद्धात माणसे कमी पडू लागल्यावर. १९१७ मध्ये १११ क्रमांकाची महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली, आणि १९२१ मध्ये ती मोडली.

येथे थोडे थांबले पाहिजे. युरोपच्या सैनिकाला युद्धाने घायाळ केले. महार सैनिकाला युद्धाने गणवेश दिला आणि शांततेने तो उतरवून घेतला. जखम आहे, पण ती आघाडीवर झालेली नाही, ती घरी परत आल्यावर झालेली आहे. वेशीच्या आत आल्याबरोबर सुभेदाराचा पुन्हा महार झाला, आणि कमरेचा पट्टा सोडून तराळकीची काठी हाती घ्यावी लागली. ज्या व्यवस्थेने आपल्याला सर्व काही दिले तिने फसवले, हा दादांचा आक्रोश होता. ज्या व्यवस्थेने आपल्याला कधी आतच घेतले नाही तिला काय म्हणावयाचे, हा आमच्या माणसाचा प्रश्न होता. म्हणून त्याने भाषेचे तुकडे केले नाहीत. त्याने अर्ज लिहिला. व्यवस्थेच्याच भाषेत, तिच्याच नमुन्यात, मायना आणि तारीख यांसह. दलितांचे पहिले युद्धसाहित्य हे अर्जांच्या रूपात आहे असे मी म्हणतो, तेव्हा माझे काही सहकारी हसतात. अर्ज हे साहित्य कसे? नुसत्या नादांची कविता साहित्य होते, पुठ्ठ्याची नळकांडी साहित्यात जमा होतात, तर आपल्या पूर्वजांनी केलेल्या नोकरीचा दाखला देऊन माणूस म्हणून जागा मागणारा कागद साहित्य का होऊ नये?

माझे एक चुलत आजोबा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. ही रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, आणि तिच्या मागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता हे सर्वज्ञात आहे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पण अस्खलित लिहिता-वाचता येणारे पहिले ते, आणि तेही फौजेत शिकलेले. १९६५ आणि १९७१ ही दोन्ही युद्धे त्यांनी पाहिली. गावी आले तेव्हा हॉटेलात त्यांच्यासाठी कान तुटलेला कप वेगळा ठेवलेला होता. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्यांच्या ट्रंकेत पदके होती आणि त्यांच्याखाली अर्जांच्या नकलांचा गठ्ठा होता: पाणवठ्याबद्दल, माजी सैनिकांना मिळावयाच्या जमिनीबद्दल, वस्तीवरच्या दिव्याबद्दल. सगळे 'महाशय' या शब्दाने सुरू झालेले आणि 'आपला विश्वासू' या शब्दांनी संपलेले. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक नाही. लढाईच्या गोष्टी त्यांनी आम्हाला फारशा सांगितल्या नाहीत. अर्जाच्या नकला मात्र जपून ठेवायला सांगितल्या.

या अनुभवाचे नाते युरोपशी जोडण्यापेक्षा अमेरिकेतल्या काळ्यांशी जोडणे अधिक योग्य होईल. म. ना. वानखडे आणि जनार्दन वाघमारे यांनी ते साहित्य मराठीत आणून पूर्वीच आपली वाट सोपी केली आहे. पहिल्या महायुद्धात ३६९ क्रमांकाची काळ्या सैनिकांची पलटण अमेरिकन लष्कराने आपल्या गोऱ्या तुकड्यांबरोबर लढू न देता फ्रेंचांच्या हवाली केली. फ्रेंचांनी तिला शौर्यपदक दिले. फेब्रुवारी १९१९ मध्ये ती न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून वाजतगाजत गेली, आणि त्याच उन्हाळ्यात अमेरिकेच्या शहराशहरांतून काळ्यांवर हल्ले झाले. परत आलेल्या सैनिकांनाही जमावांनी सोडले नाही. त्या उन्हाळ्यात क्लॉड मॅके याने प्रतिकाराची एक कविता लिहिली. तो रेल्वेच्या भोजनडब्यात वेटर होता. कविता कोणत्या घाटात लिहिली? सुनीतात. चौदा ओळी, यमके जागच्या जागी, इंग्रजी काव्याचा सर्वांत सोवळा घाट. झुरिचला गोऱ्यांची मुले तो घाट फोडीत होती, तेव्हा ज्याला त्या घरात कधी बोलावले नव्हते तो माणूस तो घाट ताब्यात घेत होता. हार्लेमच्या साहित्य-चळवळीने पुढे दहा वर्षे हेच केले.

आणि दादांच्या रंगमंचावर काळा माणूस होता का? त्याचा मुखवटा होता. ह्यूल्सनबेक मोठा ढोल बडवून 'निग्रो गीते' म्हणत असे. ती त्याने स्वतःच मनाने रचलेली होती, आफ्रिकेतली कोणतीही भाषा त्यात नव्हती. जागेचा मालक यान एफ्राइम हा जुना खलाशी होता. त्याने सांगितले की ही गीते खोटी आहेत, आणि खरे शब्द आणून दिले. ह्यूल्सनबेकने ते म्हटले, पण शेवटी आपले ठेवणीतले आवाज जोडलेच. याच वर्षी सेनेगल आणि पश्चिम आफ्रिकेतले सैनिक फ्रान्ससाठी व्हर्दुनच्या चिखलात मरत होते. ज्याचा ढोल घेतला त्याचे युद्ध दिसले नाही. संस्कृतीला कंटाळलेल्या माणसाला दुसऱ्याचा ढोल 'आदिम' वाटतो, तो मोकळेपणाचे साधन वाटतो. आपल्याकडेही शहरी प्रायोगिक रंगभूमीला हलगीचा असाच मोह पडतो. हलगी रंगमंचावर येते, ती वाजवणारा मात्र सुपारी घेऊन लग्नाच्या वरातीत असतो. विद्रोहाच्या आतही वर्ण असतो ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. पण दादावादाचे गोडवे गाणाऱ्या आमच्या प्राध्यापकांना ती सांगावी लागते.

मराठीत युद्धाचा धक्का कवितेला प्रत्यक्ष बसला तो दुसऱ्या महायुद्धात. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ मध्ये आला. यंत्र, गर्दी, उंदीर, रेशन यांनी भरलेले जग त्यांनी अभंग-ओवीच्या चालीत बसवले आणि श्रद्धेचा घाट व अश्रद्धेचा आशय यांची टक्कर लावून दिली. प्रस्थापितांनी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. मर्ढेकरांची अस्वस्थता खरी आहे. ती लंडन पाहून आलेल्या, आकाशवाणीत अधिकारी असलेल्या, परंपरा घरात असलेल्या माणसाची अस्वस्थता आहे. गमावण्यासारखे काही होते म्हणून ती शोकात्म झाली. दादांच्या जवळचे मराठीत कोणी असेल तर ते मर्ढेकर, आणि तेही पुरते नव्हेत, कारण त्यांनी शब्दावरचा विश्वास सोडला नाही.

त्याच युद्धाने आणखी एका माणसाला लिहिते केले. वाटेगावच्या मांगवाड्यातून मुंबईला आलेल्या, शाळेशी नावापुरताच संबंध आलेल्या अण्णा भाऊ साठे यांनी १९४३ च्या सुमारास 'स्टालिनग्राडचा पोवाडा' रचला. पोवाडा हा सरदार-सुभेदारांच्या पराक्रमाचा प्रकार. त्यात अण्णा भाऊंनी व्होल्गाकाठचे कामगार आणि साधे शिपाई बसवले. पाठोपाठ बंगालचा दुष्काळ आला. तो नुसता पावसाचा दुष्काळ नव्हता, त्यात युद्धकाळातल्या सरकारी धोरणाचा आणि साठेबाजीचा मोठा वाटा होता. त्यावरही अण्णा भाऊंनी गाणे रचले. १९४४ मध्ये अण्णा भाऊ, आपल्या जिल्ह्यातल्या बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचे 'लाल बावटा कलापथक' उभे राहिले. तमाशाच्या गणातला गणपती काढून तेथे मातीला, श्रमिकांना आणि हुतात्म्यांना वंदन आले. गवळण गेली. स्वातंत्र्य मिळाल्यानंतर याच तमाशावर सरकारी बंदी आली.

येथे एक अवघड गोष्ट नजरेआड करता येत नाही. अण्णा भाऊंचा पोवाडा युद्धविरोधी नाही. त्या वेळी कम्युनिस्ट पक्ष या लढाईला लोकयुद्ध म्हणत होता आणि पोवाडा त्या भूमिकेतून आला. बाबासाहेबही जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून गेले. नाझींचा विजय म्हणजे वंशश्रेष्ठत्वाचा विजय, आणि तो अस्पृश्याला परवडणारा नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. दादांना सर्व युद्धे सारखीच हास्यास्पद वाटली. ज्याच्या गावात दररोज वंशश्रेष्ठत्व नांदते त्याला ती सारखी वाटू शकत नाहीत. कोण कुणाविरुद्ध लढतो आहे, आणि हरल्यावर आपले काय होणार, हे त्याला आधी पाहावे लागते. यावरून अण्णा भाऊंना प्रचारकी ठरवणारे समीक्षक आहेत. त्यांनी हार्टफील्डची चित्रे पाहावीत. १९३० नंतरची त्याची सारी कला उघड प्रचाराची आहे, आणि जगातली संग्रहालये ती आदराने लावतात.

आता साठोत्तरी काळ. १९५५ मध्ये रमेश समर्थ, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे यांचे सायक्लोस्टाइलवर काढलेले 'शब्द' निघाले. पुढे अशोक शहाणे यांचे 'असो' आले, राजा ढाले यांचे 'येरू' आले, 'वाचा', 'फक्त' आणि कितीतरी आली-गेली. १९६२ मध्ये अमेरिकेचा बीट कवी अॅलन गिन्सबर्ग मुंबईत येऊन या मंडळींना भेटला. दादांचे, बीटांचे वारे या अनियतकालिकांत होते हे कबूल केलेच पाहिजे. छापखान्याची मक्तेदारी मोडण्याचे सायक्लोस्टाइल हे हत्यार त्यांनी दाखवून दिले, याबद्दल त्यांचे ऋणही मानले पाहिजे. 'सत्यकथे'ची होळी झाली तेव्हा त्यात राजा ढाले होते. पण येथूनच वाटा फुटतात. पांढरपेशा बंडखोराला 'सत्यकथे'ने त्याची कविता नाकारल्याचा राग होता. ढाल्यांना त्या मासिकाच्या जगात आपला माणूसच नाही याचा राग होता. १९७२ मध्ये ते, नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांचे सहकारी दलित पँथर घेऊन रस्त्यावर आले. बावडा येथला बहिष्कार आणि ब्राह्मणगाव येथली विटंबना ही त्याची तात्कालिक कारणे. नाव त्यांनी घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे, आणि उघडपणे घेतले. त्या ब्लॅक पँथरच्या मागे व्हिएतनामचे युद्ध होते, तेथे मरायला पाठवले जाणारे काळे तरुण होते. म्हणजे युद्धाशी आमचे नाते असेलच तर ते या बाजूने येते, झुरिचच्या बाजूने येत नाही.

त्याच वर्षी ढसाळांचा 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला. आमच्या सांगोल्याकडे त्या वर्षी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढीत होती. युद्ध जाहीर झालेले नव्हते, तरी वस्त्या ओस पडल्या होत्या. 'गोलपिठा'ला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची आहे. या कवितांतले अनेक शब्द आपल्याला अडले आणि त्यांचे अर्थ ढसाळांना विचारावे लागले, हे तेंडुलकरांनी प्रांजळपणे लिहून ठेवले आहे. माझ्या सगळ्या म्हणण्याचा पुरावा या एका गोष्टीत आहे. बालची नादकविता कळत नाही, कारण तिच्यात अर्थ ठेवलेलाच नाही. ती कुणालाही विचारून उपयोग नाही. ढसाळांची कविता तेंडुलकरांना अडली, कारण तिच्यातला प्रत्येक शब्द अर्थाने ठासून भरलेला होता, फक्त तो अर्थ कामाठीपुऱ्यात माहीत होता आणि पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात माहीत नव्हता. दादांनी भाषेतून अर्थ वजा केला. ढसाळांनी भाषेत माणसे वाढवली, त्यांच्या धंद्यांची, रोगांची, शिव्यांची, भुकेची नावे वाढवली. वरवर दोन्हीकडे मोडतोड दिसते. एकाने स्वतःचे घर पाडले आहे. दुसऱ्याने कुंपण तोडले आहे, आणि ते आत येण्यासाठी.

यावर कुणी म्हणेल की ढसाळांच्याही कवितेत अतिवास्तव प्रतिमा आहेत, तर्क तोडणाऱ्या उड्या आहेत, त्या कुठून आल्या? आल्या असतील वाचनातून, मित्रांतून, टॅक्सीच्या काचेतून दिसलेल्या मुंबईतून. उसने घेणे हा गुन्हा नव्हे. कर्जदाराच्या नावाने सातबाराच सावकाराच्या नावावर चढवणे, हा गुन्हा आहे. आमच्या समीक्षेने पन्नास वर्षे तोच केला.

अभ्यासक्रमातून दादावाद काढून टाकावा असे माझे म्हणणे नाही. ग्रोस, डिक्स, हार्टफील्ड हे आमच्या मुलांना कळतात, आणि चटकन कळतात. डुकराच्या तोंडाचा अधिकारी पाहून वर्ग खो खो हसतो, त्याला टीप लागत नाही. फक्त त्याच्या शेजारी १९१० चा अर्ज आणि १९४३ चा पोवाडा ठेवावा, आणि मग 'गोलपिठा' उघडावा. टाचणात या सगळ्याला मिळून एक तास दिलेला असतो. मी चार घेतो.